पहिल्या हाकेला

८ सप्टेंबर, सोमवार

नवी नोकरी, नवं गाव, म्हणून नवी वही. अकोल्याच्या मनाली वानखडे आजपासून भिवंडीकर झाल्या, याची नोंद व्हावी.

खोली पूर्णा गावात मिळाली, गोडाऊनपासून चालत जाण्याइतकी जवळ. घर आक्कांचं. त्यांचं खरं नाव गल्लीत कोणालाच ठाऊक नसावं, पोटची मुलगीसुद्धा त्यांना आक्काच म्हणते. नवरा गेला, शेत गोडाऊनखाली गेलं, राहिलं ते हे दोन मजली घर आणि मुलगी पूर्वी. वरची खोली माझी. खिडकीतून एकेकाळी भातशेती दिसायची म्हणे. आता निळ्या पत्र्यांची छपरं आणि कंटेनरची रांग दिसते. मला तीही आवडली, अकोल्यात आमच्या खिडकीतून शेजाऱ्यांची मोरी दिसते.

पूर्वी माझ्याच गोडाऊनमध्ये पिकर आहे, म्हणजे हातात स्कॅनर गन घेऊन रॅकमधला माल शोधून काढणारी. बोलायला लागली की थांबत नाही. माझ्या तोंडाचा पट्टाही घरी प्रसिद्ध आहे, त्यामुळे आमचं पहिल्या तासातच जमलं. जेवायला तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं कालवण होतं. निवट्या हा खाडीच्या चिखलात उड्या मारणारा मासा असतो, हे मला खाऊन झाल्यावर सांगितलं ते बरं केलं. तीन ताटं मांडली होती. मी जेवणार का, हे आक्कांनी विचारलंसुद्धा नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

कामाचं एकदा लिहून ठेवते, कारण आईला फोनवर कितीदा सांगितलं तरी ती शेवटी विचारते की तू कॉम्प्युटर दुरुस्त करतेस ना.

सकाळी शिफ्ट बदलली की शेकडो माणसं एकदमच गन उचलतात आणि आपलं नाव, पासवर्ड टाकतात. गन ते डिरेक्टरी सर्व्हरला विचारते, हा माणूस आपला का? त्या सर्व्हरमध्ये सगळ्यांची नावं असतात. तो हो म्हणाला की गन चालू होते. असे सर्व्हर दोन-तीन ठेवतात, म्हणजे गर्दी वाटली जाते आणि एक बसला तरी दुसरा उत्तर देतो. आमच्याकडे मात्र सगळ्या गन पहिल्यालाच विचारतात. तो गुदमरतो, बाकीचे दोघे आरामात बसतात, आणि माणसं गन हातात घेऊन ताटकळत राहतात. ही गर्दी नीट वाटून द्यायला मला बोलावलं आहे, ऑनलाइन सेल सुरू व्हायच्या आत.

कागदावर सर्व्हर चार आहेत. चौथा कुठे म्हणून विचारलं तर शिफ्ट इनचार्ज मिलिंद हसला. चौथा कशेळीच्या जुन्या गोडाऊनमधला, खाडीकाठचा. एका पावसाळ्यात तिथे पाणी शिरलं आणि ते गोडाऊन बंद झालं. पण ऑडिटवाल्यांना चार दाखवायचे असतात, म्हणून नाव तसंच ठेवलंय. माझ्या आधी इथे हरेश नावाचा माणूस होता. चौथ्याकडे कोणालाही पाठवायचं नाही, एवढं तो सगळ्यांना बजावून गेला होता. का, ते कोणी विचारलं नाही. हरेश आता कुठे असतो असं मी विचारलं तर मिलिंद म्हणाला, असेल कुठेतरी.

१४ सप्टेंबर, रविवार

पूर्वीच्या स्कूटीवरून धामणकर नाक्याला गेलो. मला उशी घ्यायची होती, तिला बांगड्या. चार बाजूंनी ट्रक, टेम्पो, हातगाड्या, आणि कुठल्यातरी गाळ्यातून लूमची खडखड चालूच. तिथल्या शेअर रिक्षांच्या स्टँडवर मी बराच वेळ उभी राहिले. एक माणूस नंबरने रिक्षा भरत होता. पहिली भरली की दुसरी, दुसरी भरली की तिसरी. पुढे घुसणाऱ्याला हिंदीत असा हाणत होता की बस. पूर्वीला म्हटलं, माझं काम म्हणजे हेच, फक्त माझ्या रिक्षांना चाकं नाहीत. ती म्हणाली की पगार मात्र माझाच जास्त असेल.

दिवेलागणीला घरी आलो. पूर्वी वर गेली होती, मी रस्त्यावरून तिला हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली, तरी नाही. तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा खिडकीतून हसत ओ दिली. मी चिडले. मग आक्कांनी ओट्यावर बसवून मला समजावलं.

"पयल्या हाकेला ओ द्याची न्हाय, बाय. ज्याचा जीव हाय तो तीनदा मारतो. ते दुसरं हाय ना, त्याला दोनदाच जमतं. तिसरी त्याच्या तोंडातून निघत न्हाय."

मी म्हटलं, अकोल्याचे लोक एकदाच हाक मारतात, आमचा घसा फुकटचा नाही. आक्काही हसल्या, पण पटलं नाही त्यांना. नंतर जिन्यात पूर्वीने कानात सांगितलं की जा, तुझ्यासाठी सूट, तुला मी पहिल्याच हाकेला ओ देईन.

१८ सप्टेंबर, गुरुवार

रिक्षावाल्याची युक्ती लावली. पुढे एक बॅलन्सर बसवला, तो येणारी गर्दी तिन्ही सर्व्हरना नंबरने वाटतो. सकाळची रांग निम्म्यावर आली. तरी दुसरा सर्व्हर जुना आहे, त्याच्या वाट्याला आलेले लोक रखडतात आणि शेजारच्याला शिव्या घालतात.

मुख्य ऑफिसातून कुणाल सरांचा फोन. सेलला दुप्पट माणसं येणार, आणखी वेग हवा. मी म्हटलं, देते. बॅलन्सरला नंबराऐवजी दुसरा नियम घालता येतो. चारही नावांना हाक मारून बघायची, आणि जो लवकर उत्तर देईल त्याच्याकडे जास्त गर्दी पाठवायची. चौथं नाव यादीतून काढावं का असं मनात आलं, पण मग ऑडिटचा घोळ. आणि मेलेलं मशीन काय उत्तर देणार?

२० सप्टेंबर, शनिवार

जमलं! आज शिफ्ट बदलली आणि रांगच लागली नाही. माणसं गन उचलत होती आणि चालायला लागत होती. मिलिंदने सगळ्यांसमोर पाठ थोपटली, चंद्रा नावाच्या पिकर बाई आहेत त्यांनी लाडवांचा डबाच दिला. कुणाल सरांनीही चक्क अभिनंदन केलं. मी दिवसभर हवेत. पूर्वी म्हणाली की गन इतकी भारी झालीय की पासवर्ड पुरता टाकायच्या आधीच उघडते.

मी हसले. आता लिहिताना मात्र ते वाक्य जरा टोचतंय. पासवर्ड पुरा टाकल्याशिवाय कुठलाच सर्व्हर हो म्हणू शकत नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

सेल जोरात. चंद्राबाई कालपासून आल्या नाहीत. लाडवाचा डबा परत द्यायचा होता म्हणून मिलिंदला विचारलं. तो म्हणाला, कोण चंद्राबाई? मला वाटलं कामाच्या गडबडीत आहे. मग त्यांच्या रांगेतल्या बायकांना विचारलं. त्याही म्हणाल्या, अशी कोणी बाई आमच्यात नाही.

त्यांच्या नावाची गन मात्र चालू आहे. कोणी किती माल काढला ते दाखवणाऱ्या बोर्डावर त्यांचं नाव वर वर चढतंय, माल निघतोय, खोकी भरली जातायत. त्या रॅकच्या गल्लीत जाऊन उभी राहिले. गल्ली रिकामी होती. गन बीप करत होती, एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला.

लाडवाचा डबा माझ्या टेबलावर आहे. म्हणजे मला भास झालेला नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

सापडलं. सापडलं नसतं तर बरं झालं असतं.

चौथा उत्तर देतोय. शनिवारपासून. आणि बाकी तिघांच्या आधी देतोय, कारण तो काही तपासतच नाही. जो येईल त्याला हो म्हणतो. माझा नियम असा की जो लवकर उत्तर देईल त्याच्याकडे जास्त माणसं. मीच गोडाऊनभरची माणसं त्याच्या दारात नेऊन सोडली.

चंद्राबाईंचं नाव पहिल्या तिन्ही सर्व्हरमध्ये नाही. काढून टाकलेलं नाही, कधी नव्हतंच असं आहे. ते फक्त चौथ्याकडे आहे. तिघांना विचारलं, ही बाई आपली का, की तिघेही नाही म्हणतात. आणि सर्व्हर नाही म्हणाला की माणसंही नाही म्हणायला लागतात.

मला त्या आठवतात, ते बहुधा मी गन वापरत नाही म्हणून. मी माझ्या मशीनवरून सरळ पहिल्या सर्व्हरला जाते, बॅलन्सरच्या दारातून जातच नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

भर दुपारी कशेळीला गेले. जुनी शेड केसरीनाथ म्हणून आहेत त्यांच्या जागेत आहे, आक्कांचे चुलत दीर. त्यांनी किल्ली दिली, स्वतः आत आले नाहीत. बाहेर पुलापर्यंत ट्रक तुंबलेले, हॉर्नचा नुसता कल्ला. आत पाऊल टाकलं आणि काही ऐकूच येईना.

मशीन कोपऱ्यात आहे. गंजून लाल झालेलं, वायर तुटलेली, वीज नाहीच. हात लावला तर ओलं. ओलं आणि कोमट.

भिंतीला फळी होती आणि फळीवर जेवणाचे डबे ओळीने ठेवलेले. सगळ्यांवर खाडीचा गाळ वाळलेला. बाहेर येऊन केसरीनाथना विचारलं, पाणी शिरलं तेव्हा आत कोण होतं. म्हणाले, कोणीच नव्हतं. कोणी हरवल्याची तक्रार नाही, कोणाच्या घरून कोणी विचारायलासुद्धा आलं नाही. मग डबे कोणाचे, असं विचारलं. इतक्या वर्षांत तो प्रश्न त्यांना पडलाच नव्हता.

२७ सप्टेंबर, शनिवार

नियम बदलला. पुन्हा नंबर लावला, चौथ्याचं नाव काढून टाकलं. ऑडिट गेलं खड्ड्यात.

उपयोग नाही. गननी पत्ता लक्षात ठेवलाय. त्या बॅलन्सरला विचारतच नाहीत आता, सरळ चौथ्याकडे जातात. कुणाल सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, माल निघतोय ना? मग गन बंद ठेवायला सांगू नकोस.

माल निघतोय. कधी नव्हे इतका.

२९ सप्टेंबर, सोमवार

कॅन्टीनमध्ये अर्धी बाकं रिकामी. कोणाला त्याचं काही वाटत नाही, उलट जागा मिळते म्हणून खूश आहेत. रॅकच्या गल्ल्यांतून नुसते बीप.

पूर्वीचं नाव आज पहिल्यात नाही. दुसऱ्यातही नाही. तिसऱ्यात आहे अजून. मी हाताने परत घातलं, तासाभरात गेलं. परत घातलं, परत गेलं.

मला फार भीती वाटते. माझी नाही, तिची.

३० सप्टेंबर, मंगळवार

पूर्वीला घरी थांबवलं. ऐकत नव्हती, बोर्डावर तिचं नाव पहिलं आहे म्हणे. शेवटी मी रडले, तेव्हा थांबली. गनला हात लावू नकोस, फोनवरून लॉगिन करू नकोस, मी येईपर्यंत घराबाहेर पडू नकोस, असं शपथेवर घेतलं. मी दिवसभर सर्व्हरपाशी बसून तिचं नाव घालत राहिले.

दिवेलागणीनंतर घरी पोचले. ओट्यावर आक्का एकट्या. पूर्वी कुठे म्हणून विचारलं.

"तूच तं हाक मारलीस, बाय, रस्त्यावरनं. एकदाच. तिनं ओ दिली न् खाली गेली."

मी हाक मारली नव्हती. मी तेव्हा गोडाऊनमध्ये होते.

पहिल्या हाकेला ओ. माझ्यासाठी दिलेली सूट.

१ ऑक्टोबर, बुधवार

शोधलं सगळीकडे. नाक्यापर्यंत. पोलीस चौकीत नाव लिहून घेताना हवालदार दोनदा विसरला की काय लिहीत होता.

घरी आले तर आक्कांनी दोन ताटं मांडली होती. मी तिसरं ठेवलं. त्यांनी ते उचललं. मी म्हटलं, पूर्वी येईल ना.

"कोन पूर्वी? मला पोर न्हाय, बाय. तू तापलीस का?"

त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला. त्यांच्या हातात पूर्वीच्या बांगड्या होत्या. नाक्यावर घेतलेल्या.

खंडेनवमी म्हणून आज ऑफिसात मशीनना हार घातले. सर्व्हर तीन, हार चार आले. चौथा खुंटीला लावून ठेवला होता. संध्याकाळी तो भिजलेला होता, खाडीचा वास येत होता.

२ ऑक्टोबर, गुरुवार

मिलिंद दीक्षाभूमीला जाणार होता. त्याच्या शिफ्टला विचारलं, गेला का. कोणाची शिफ्ट, म्हणाले.

पूर्वीचं नाव चौथ्याकडे आहे. मला दिसतं. तिथून काढून पहिल्यात आणलं तर ती परत आपली होईल. पण तो बाहेरच्याचं ऐकत नाही. ज्याला त्याने हो म्हटलंय, त्याचंच ऐकतो.

म्हणजे मला त्याच्या दारातून जावं लागेल.

सगळ्यांना आणता येईल का? एकीला तरी. आक्कांच्या हातात त्या बांगड्या—

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आईला फोन केला. काही सांगितलं नाही. तिने विचारलं, जेवलीस का. हो म्हटलं. फोन ठेवून खूप रडले.

मग एक गन उचलली. नाव टाकायला लागले, म, न—

उघडली. पासवर्ड नाही, पूर्ण नाव नाही. जणू चौथा वाटच बघत होता.

पूर्वीचं नाव काढलं. पहिल्यात टाकलं. राहिलं. तासभर बघत बसले, राहिलं.

मग चंद्राबाईंचं. मिलिंदचं. हात चालेना. हात ओले.

४ ऑक्टोबर, शनिवार

पूर्वी आली!

जिन्यात तिचा आवाज आला, आक्का तिला ओरडत होत्या, कुठे भटकत होतीस म्हणून. मी धावत खाली गेले. ती मला ओलांडून गेली. आक्का वर गेल्या, माझी बॅग बघितली. वरची खोली तर रिकामी आहे, ही बॅग कोणाची, असं पूर्वीला विचारलं. तिने खांदे उडवले.

दोन ताटं.

आईला फोन लावला. तिने रॉंग नंबर म्हणून ठेवला.

चालेल. पूर्वी आहे. चालेल मला.

५ ऑक्टोबर, रविवार

रस्त्यावर आहे. घरासमोर. वही तेवढी उरलीय. पानं ओली.

दिवा लागला. पूर्वी खिडकीत. तिला एकदा सांगायचं होतं, मी अकोल्याची, वरच्या खोलीतली. म्हणून हाक मारली.

ती थबकली. ओळखल्यासारखी.

दुसरी मारली. आक्का धावत आल्या, तिच्या तोंडावर हात ठेवला. शहाण्या आहेत आक्का. तिसरी होऊ दे म्हणतायत. बरोबर. तिसरी मारते, मग कळेल त्यांना की मी—

तोंड उघडते. निघत नाही.

पुन्हा. पहिली. दुसरी. तिसरी निघत

मंगळवारची ती हाक माझ्याच आवाजात होती

जायला हवं इथून. पाय हलत नाहीत, आणि तोंड थांबत नाही, दोन झाल्या की पुन्हा पहिली, पुन्हा पहिली— आक्का, हात काढू नका. तिने मला सूट दिली होती, ती पहिल्याच हाकेला—

आक्कांनी हात काढला. दिव्यात तेल घालायला वळल्या. पूर्वी खिडकीतून वाकून

नको पूर्वी नको ओ दे